पहिल्या गणाचे राठोड मास्तर

सुभद्रा गेल्यापासून या घरात राठोड मास्तरांचं नाव निघत नाही. नाव काढणारे आम्ही दोघंच उरलो होतो. मी त्यांची एखादी गोष्ट सांगायला लागलो की ती चुलीपुढून म्हणायची, "नाही जी, तसं नोतं झालं," आणि मग खरं कसं झालं त्यावर आमचं भांडण. आता मी काहीही सांगितलं तरी कोणी अडवत नाही. एकट्या माणसाच्या आठवणीला काय किंमत? तिला खोटं पाडणारंच कोणी नसतं. तरी लिहून टाकतो. मी चौथी शिकलेला माणूस, उभा जन्म शाळेत शिपाई होतो. जसं येतं तसं लिहिणार.

आमचं गाव उमरखेडच्या अलीकडं. शाळा मॅट्रिकपर्यंत होती, पण सायन्स नव्हतं. ज्याला सायन्स पाहिजे त्यानं यवतमाळला जावं, नाहीतर अमरावतीला. ज्याच्या बापाची तेवढी ऐपत नाही त्यानं कापसाची बंडी हाकावी. छप्पनच्या दसऱ्याला आम्ही धम्म घेतला, आणि त्यानंतरचा उन्हाळा सरून शाळा उघडली तेव्हा राठोड मास्तर आले. पुसदकडच्या एका तांड्यातले. लमाणाच्या घरात जन्मून नागपूरला बीएस्सी झालेला माणूस आम्ही तरी पहिल्यांदाच पाहत होतो. उंच, वाळका, एक खांदा वर उचललेला, आणि अंगाला कायम रॉकेलचा वास. पहिल्याच दिवशी हेडमास्तरांपुढं उभं राहून ते म्हणाले, "मले दुसरं काही नको. या शाळेत मॅट्रिकले सायन्स पाहिजे, अन् टेबलावर सामान पाहिजे. पोट्ट्याइनं डोळ्यानं पाहून शिकलं पाहिजे. पाठ करून नाही."

हेडमास्तर संस्कृत शिकवायचे. भला माणूस होता. ते म्हणाले, "करू की." आणि खरंच त्यांनी सरकीची खोली रिकामी करून दिली. मी ती झाडली तेव्हा चार दिवस नाकातून काळं निघत होतं.

मास्तरांची एक खोड होती. कोणी काही सांगायला लागलं की ते मधेच विचारायचे, "तू पाह्यलं काय?" नाही म्हटलं की म्हणायचे, "मंग कायले बोलून राह्यला?" गावात कोणी म्हणालं चिंचेवर भूत आहे, "तू पाह्यलं काय?" कोणी म्हणालं अमक्याची बायको माहेरी पळाली, "तू पाह्यलं काय?" एकदा शाळा चालवणाऱ्या सोसायटीचे अध्यक्ष बोलता बोलता म्हणाले, "मास्तर, सगळं देवाच्या हातात हाय." मास्तरांनी तोंड उघडलंच होतं, हेडमास्तरांनी त्यांचा सदरा मागून ओढला.

त्यांच्या बाटलीची गोष्ट ते स्वतःच सांगत. काचेची जाड बाटली, आत रॉकेल, रॉकेलात बुडलेले सोडियमचे तुकडे. बोटाएवढे, वरून मळकट. नागपूरहून ती त्यांनी मांडीवर धरून आणली. मोटरच्या कंडक्टरनं विचारलं, "काय हाय यात?"

"धातू."

"रॉकेलात?"

"हो. हवा लागली का काळा पडते, पाणी लागलं का पेटते."

"मंग खाली उतरा."

"टपावर ठेवू काय? पाऊस येऊन राह्यला."

कंडक्टर म्हणे मुकाट्यानं मागं गेला आणि शेवटचं बाक रिकामं करून दिलं. "पुसदपर्यंत माह्या बाजूले कोणी बसलं नाही, देवाजी," मास्तर मला सांगायचे, "असा आराम मले जन्मात भेटला नोता." आणि खो खो हसायचे. हसताना वरचा खांदा अजून वर जायचा.

सरकीच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी गेरूनं एक मोठं कोष्टक काढलं. मी स्टूल धरून उभा होतो. खण पाडले आणि एकेका खणात एकेका मूलद्रव्याचं नाव. त्याला आवर्तसारणी म्हणतात हे मला नंतर कळलं. वरून खाली जी ओळ जाते तिला पुस्तकात गण म्हणतात. मास्तर तिला तांडा म्हणायचे. मी दाराशी स्टुलावर बसून असायचो, त्यामुळं त्यांचं शिकवणं माझ्या कानावर पडायचं. समजायचं थोडं, पण आवाज अजून कानात आहे.

"पहा रे पोट्टेहो. हा पहिला तांडा. लिथियम, सोडियम, पोटॅशियम. या तांड्यात हरेकाच्या डोक्यावर एकच गाठोडं जास्तीचं, इलेक्ट्रॉनचं. दिवसभर चाललेल्या माणसाले कोणी म्हटलं, 'दे, मी घेतो,' तं तो इचार करते काय? फेकून मोकळा होते. अन् हा पहा शेवटून दुसरा तांडा, क्लोरीनचा. त्याइले एकच गाठोडं कमी. ते हात पसरूनच उभे. दोघं समोरासमोर आले तं काय होईन?"

"भांडण!" एक पोट्टा म्हणाला.

"भांडण नाही लेका, मीठ. तुह्या भाजीतलं मीठ." मग ते बाकावर टेकायचे. "माह्या आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं. त्याले कोणी सांगतलं असतं का या मिठात एक पेटणारा धातू हाय अन् एक जीव घेणारा वायू हाय, तं त्यानं सांगणाऱ्याले नायकापुढं उभं केलं असतं. नायक म्हणजे आमच्या तांड्याचा मुखिया. अन् दंड घेतला असता."

वर्गात एक मुलगी होती, विमल. तिनं विचारलं, "सर, खालचा पोटॅशियम वरच्यापेक्षा जास्त का भडकतो? गाठोडं तर एकच आहे."

मास्तर एवढे खूष झाले की त्यांनी खडू खाली टाकला. "शाब्बास! त्याचं गाठोडं घरापासून लय दूर हाय. लिथियमचं अंगणात, सोडियमचं येशीपाशी, पोटॅशियमचं पार शिवारात. जेवढं दूर, तेवढी धरून ठेवायची पकड ढिली. म्हणून या तांड्यात जसं खाली जासान तसा भडका जास्त. अन् क्लोरीनच्या तांड्यात उलटं. तिथं ओढून घ्यायचं हाय. ओढणारा जेवढा लहान अन् जवळ, तेवढा त्याचा जोर. तिथं वरचाच जबर."

मग ते घमेल्यात पाणी घ्यायचे. चिमट्यानं तुकडा काढून चाकूनं कापायचे. आतून चांदीसारखा निघायचा आणि बघता बघता ती चमक मावळायची. तुरीच्या दाण्याएवढा पाण्यात सोडला की तो गोळी होऊन पाण्यावर सर्र सर्र पळायचा आणि फट्‌ करून संपायचा. पोरं टाळ्या वाजवायची. बाजाराच्या दिवशी माणसं खिडकीला लटकून बघायची. एकानं विचारलं, "मास्तर, ही जादू व्हय काय?"

"जादू असती तं माह्यानंच झाली असती. ये आत, तू टाक. तुह्यानंही हेच होते."

तो आला नाही. पळाला.

एक गोष्ट मात्र ते वर्गाकडून घोकून घ्यायचे. पाठ करणं त्यांना आवडायचं नाही, पण हे एक ते रोज म्हणवून घ्यायचे. बाटली दाखवून विचारायचे, "याच्यापाशी काय आणायचं नाही?" आणि सगळा वर्ग ओरडायचा, "पाणी!"

"आग लागली तरी?"

"तरी पाणी नाही! रेती!"

आमच्या घरी ते जेवायला यायचे. शाळेतले बाकीचे मास्तर आमच्या वस्तीकडं फिरकत नव्हते. हे सरळ ओसरीवर बसायचे आणि म्हणायचे, "वैनी, पाणी." सुभद्रा त्यांना ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि मिरच्यांचा ठेचा द्यायची. एवढा तिखट खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नाकातून पाणी गळायचं आणि हात ठेच्याकडंच. सुभद्रानं एकदा विचारलं, "मास्तर, ते तुमचं सोडियम कुठं सापडते जी? खाणीत?"

"मोकळं कुठंच सापडत नाही, वैनी. जिथं सापडन तिथं कोणाच्या तरी संगं लागलेलं. त्याले मोकळं करा लागते. अन् मोकळं केलं का लगेच रॉकेलात बुडवा लागते."

"मंग मोकळं करता कायले?"

मास्तरांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "पोट्ट्याइले दिसावं म्हणून."

सुभद्रा मला रात्रभर सांगत होती, याचं लग्न करून द्या. पण त्यांनी केलं नाही. त्यांची आई, तिला ते याडी म्हणायचे, तांड्यात राहायची. सुटीत तिच्याकडं जायचे.

अशी चार-पाच वर्षं गेली. सायन्सचा वर्ग चालत होता, पण सरकारची मान्यता नव्हती. मुलांना परीक्षेला दुसऱ्या गावच्या शाळेच्या नावावर बसवावं लागायचं. मग कळलं, दिवाळीनंतर साहेब तपासणीला येणार. प्रयोगशाळा पसंत पडली तर मान्यता. मास्तरांनी काचेची भांडी स्वतः घासली, मला हात लावू दिला नाही. मला म्हणाले, "देवाजी, हे एक झालं का मी मेलो तरी चालते." मी म्हणालो, असं वंगाळ बोलू नका. ते म्हणाले, "तं मंग जिता राह्यलो तरी चालते."

हेडमास्तरांनाही आनंद झाला होता. आणि तो आनंदच आडवा आला. शाळेत दर दसऱ्याला सरस्वतीची पूजा व्हायची. त्या वर्षी ते म्हणाले, "या खेपेला प्रयोगशाळेची पूजा करू. लोहार ऐरण पुजतो, शेतकरी नांगर पुजतो. आपलं हे शस्त्र आहे." मास्तर म्हणाले, "पुजा जी. तराजू पुजा, दिवा पुजा. बाटलीले हात नका लावू." हेडमास्तर म्हणाले, "नाही लावत." मास्तर याडीला भेटायला तांड्यात गेले. दसऱ्याच्या दिवशी सकाळच्या मोटरनं परत यायचं होतं.

दसरा म्हणजे आमचा धम्म घेतल्याचा दिवस. मी आणि सुभद्रा वस्तीत होतो, वंदना चालू होती. मी शाळेत असतो तर झालं नसतं असं पुष्कळ लोक मला म्हणाले. मला नाही वाटत. पूजेच्या पाटाजवळ मला कोणी येऊ दिलं नसतं, आणि दुरून ओरडलो असतो तर गप बस म्हटलं असतं.

पुढचं मला विमलनं सांगितलं. टेबलावर तराजू, दिवा, नळ्या मांडल्या. सगळ्यांना हळदीकुंकू लागलं. अध्यक्ष म्हणाले, "अन् ते कुठं हाय? पाण्यावर पळणारं? सगळ्या गावाले ज्यानं वेड लावलं तेच कपाटात ठेवता काय?" हेडमास्तर घुटमळले. त्यांनाही वाटलं असेल, मुख्य तेच, त्याची पूजा नाही म्हणजे मास्तरांचाच अपमान. त्यांच्याकडं दुसरी किल्ली होती. बाटली निघाली. देवापुढं रॉकेल कसं ठेवायचं? म्हणून तुकडे काढून फडक्यानं पुसले आणि तांब्याच्या ताम्हणात ठेवले. सगळेच. पोरं म्हणाली, "सर, पाणी नाही चालत." हेडमास्तर म्हणाले, "ओतत नाही रे, नुसतं फुलानं शिंपडतो. दोन थेंब." त्यांनी घमेल्यातला तुरीचा दाणा पाहिला होता. त्याचं फट्‌ होणं पाहिलं होतं. म्हणून दोन थेंबांची भीती वाटली नाही.

थेंब पडले, पिवळा जाळ उठला, फुलं पेटली. त्याच वेळी मास्तर मोटरनं उतरून, आवाज ऐकून आत आले आणि ताम्हण उचलायला वाकले. आणि ड्रिल मास्तरांनी आग विझवायला पूजेचा भरलेला तांब्या ताम्हणात ओतला.

वस्तीत आम्हाला तोफ उडाल्यासारखा आवाज आला. नंतर विमल पळत आली. मी धावलो, माझ्यामागं सुभद्रा.

मास्तर व्हरांड्यात पडले होते. तोंड लाल, भाजलेलं, डोळ्यांवर तूप थापलेलं. पूजेचं तूप. ते हात झाडत होते आणि ओरडत होते, "पाणी! अरे पाणी टाका डोळ्यात! ते जळून गेलं, आता खार हाय, चुन्यावानी खार! धुवा!" आणि त्यांचे विद्यार्थी, त्यांनी तयार केलेले, रडत रडत एकमेकांना अडवत होते. एकानं बादली आणली तर दुसऱ्यानं ती हिसकून लवंडून दिली. "पाणी नको! सर भानावर नाहीत! पाण्यानं अजून पेटन!" रेती आणायला दोघं पळालेही होते. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी पाणी ओतलं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी पाणी दिलं नाही.

मीही थांबलो. इतकी वर्षं दारात बसून माझ्याही डोक्यात तेच बसलं होतं.

सुभद्रा थांबली नाही. ती म्हणाली, "मागून राह्यला ना माणूस पाणी! मंग द्या ना!" व्हरांड्यात शाळेचा पिण्याचा माठ होता. तिनं त्यात तांब्या घातला आणि मास्तरांचं डोकं मांडीवर घेऊन डोळ्यांवर धार धरली. तूप पदरानं पुसलं, परत धार. माठ रिकामा झाला. मास्तर म्हणत होते, "अजून. अजून, वैनी." पण तोवर फार वेळ गेला होता.

त्या माठाला आम्ही कधी हात लावत नव्हतो. त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तो फोडून नवा आणला. मलाच आणायला पाठवलं. मास्तरांनी सुभद्राच्या हातचं आयुष्यभर पाणी प्यायलं असतं, पण माठ मास्तरांचा नव्हता.

यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, लगेच धुतलं असतं तर निदान एक डोळा वाचला असता. डावा गेलाच. उजव्यानं उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. हेडमास्तर दवाखान्यात त्यांच्या पायाशी बसून लहान पोरासारखे रडले. मास्तर त्यांना म्हणाले, "तुमी दोन थेंबच टाकले जी." याहून जास्त ते कधी बोलले नाहीत. हेडमास्तर नोकरी सोडून गावी गेले.

तपासणीला साहेब आले नाहीत. यायचं कारणच राहिलं नाही. सोसायटीनं सायन्स बंद केलं, भिंतीला चुना मारला आणि खोलीत जुनी बाकं भरली. विमलचं लग्न झालं. बाकीची पोरं कोणी दुकानात बसली, कोणी शेतात. शिक्षणानं माणूस कुठल्या कुठं जातो म्हणतात. गेला नाही कोणी. मी पाहिलं.

पुढं काही वर्षांनी सायन्स परत सुरू झालं. नवीन मास्तर आले, मान्यताही आली. सहज मिळाली, कशी ते मला माहीत नाही. राठोड मास्तर डोळे गेल्यापासून तांड्यातच राहत होते. तिकडं बातमी गेली आणि एके दिवशी ते मोटरनं आले. कोणीतरी बसवून दिलं होतं. मी स्टँडवर हात धरून उतरवलं. याडी वारली होती. सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती. पहिलाच प्रश्न, "देवाजी, पहिल्या तांड्यावर आले काय ते?" मी म्हणालो, आज तोच धडा आहे.

आम्ही वर्गाच्या व्हरांड्यात उभे राहिलो. आत नवीन मास्तर पुस्तक धरून सांगत होते आणि वर्ग मागून म्हणत होता, "सोडियम हा मऊ व चकाकणारा धातू आहे. सोडियम पाण्याशी तीव्र क्रिया करतो."

राठोड मास्तरांनी हळूच विचारलं, "टेबलावर काय हाय?"

"डस्टर."

"बाटली?"

"नाही जी."

"घमेलं?"

मी टेबलाखालीही पाहिलं. नव्हतं.

घंटा झाली. नवीन मास्तर बाहेर आले. चांगला मुलगा होता, त्यानं वाकून नमस्कार केला. राठोड मास्तर म्हणाले, "पोट्ट्याइले दाखवत नाही काय तुमी?"

तो म्हणाला, "सर, सोसायटीचा ठराव आहे. सामान कपाटात ठेवायचं, काढायचं नाही. तुमच्यासारखं परत कोणाला होऊ नये म्हणून."

मास्तरांचा वर असलेला खांदा तेव्हा खाली आला. ते म्हणाले, "बरोबर हाय."

सुभद्रानं स्वयंपाक करून ठेवला होता. ते आले नाहीत. म्हणाले, "परत कधी येईन, वैनीले सांग." मी त्यांना स्टँडवर आणून मोटरमध्ये खिडकीशी बसवलं आणि खाली उतरलो. त्यांना वाटलं मी गेलो. पण ड्रायव्हर चहाला गेला होता, मोटर हलेना, म्हणून मी खिडकीखाली तसाच उभा राहिलो. त्यांच्या बाजूला एक शेतकरी माणूस येऊन बसला, मांडीवर सरकीचं पोतं घेऊन. मास्तरांनी त्याच्याकडं तोंड केलं.

"शिकलेले हाय काय, दादा? नाही? काही हरकत नाही. हे पहा, समजा तुमच्या डोक्यावर एक गाठोडं हाय..."

माणसानं थोडा वेळ हूं हूं केलं. मग पोत्यावर मान टाकली आणि झोपून गेला. मास्तरांना ते कळलं नाही. ते हातानं हवेत दाखवत होते, हे घर, ही वेस, हे पार दूरचं शिवार. मी उभा होतो. सांगावंसं वाटलं, नाही सांगितलं. मोटर सुरू झाली तेव्हाही ते त्या झोपलेल्या माणसाला विचारत होते, "आता सांगा, कोणाचं आधी सुटन?"